शब्द ऐकू येऊ द्या : नागपूरच्या बँडना, भजनी मंडळांना आणि रॅपर मुलामुलींना खुलं पत्र

प्रति,
नागपूर आणि भोवतालच्या गावांतले रॉक बँड, खंजिरी भजनाची व शाहिरी मंडळं आणि रॅप करणारी मुलंमुली यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या काही महिन्यांत तुमचे अल्बम आमच्या कानावर आले आणि आम्ही ते पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, क्रम न मोडता ऐकले. चाली चांगल्या आहेत. काही ठिकाणी तर फारच चांगल्या आहेत. खंजिरीच्या ठेक्यावर इलेक्ट्रिक गिटार बसवायचं धाडस, वऱ्हाडी बोलीत सोळा-सोळा ओळींचा रॅप, डफाच्या साथीनं उभा राहिलेला कोरस, हे सगळं आपल्या शहरात होतंय याचा आनंद आहे. पण तिन्ही प्रकारांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा अडली. शब्द कळत नाही. दोनदा ऐकावं लागतं, तिसऱ्यांदा आवाज वाढवावा लागतो, आणि तरी ओळीतला एखादा शब्द हातून सुटतोच.

आपल्याकडचं गाणं मुळात सांगण्यासाठीचं आहे. खंजिरी भजनातलं कडवं समजलं नाही तर भजन झालंच नाही. दीक्षाभूमीवर ऑक्टोबरात जी गाणी चहूकडून ऐकू येतात, त्यांची ताकद चालीत कमी आणि ओळीत जास्त आहे. झाडीपट्टीच्या दंडारीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या लोकनाट्यात, मागच्या रांगेतल्या माणसाला बोल कळला नाही तर तो उठून जातो. म्हणून हे पत्र फक्त शब्दाबद्दल आहे. तो कुठं हरवतो, काहून हरवतो आणि परत कसा आणायचा, एवढंच.

सुरुवात खंजिरीपासून करू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथं होतंय आणि तिथला उपाय फुकटाचा आहे. खंजिरीच्या चकत्यांचा आवाज साधारण ५,००० ते १०,००० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. स, श, च, छ ही व्यंजनंही तिथंच राहतात. ठेक्याचा आघात आणि ‘स’ एकाच क्षणी आले की ‘संत’चा ‘अंत’ होतो. गाणारा चुकत नाही, खंजिरी त्याचं व्यंजन गिळते. बहुतेक ठिकाणी एक कंडेन्सर (बारीक आवाजही टिपणारा) माइक गायकासमोर हातभर अंतरावर उभा केलेला असतो. तो तोंड आणि खंजिरी दोन्ही सारख्याच प्रेमानं घेतो. मग मिक्स करणारा शब्द उठावेत म्हणून वरचा आवाज वाढवतो, आणि शब्दांऐवजी खंजिरीच आणखी पुढं येते.

उपाय असा. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचंच ऐकणारा माइक घ्या, साधा डायनॅमिक (स्टेजवर वापरतात तसा) असला तरी चालेल. तो तोंडापासून १० ते १५ सेंटिमीटरवर, हनुवटीच्या थोडा खाली ठेवा आणि त्याचं तोंड वर, गायकाच्या ओठांकडे करा. असा माइक पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो. आता त्याची पाठ खाली, म्हणजे खंजिरीच्या दिशेला झाली. खंजिरी छातीशी न धरता कमरेच्या उंचीवर धरायला सांगा. एवढ्यानंच फरक कानाला कळतो. खंजिरीसाठी वेगळा माइक बहुधा लागतच नाही, गळ्याच्या माइकात येते ती पुरते. टाळकरी मात्र दोन मीटर तरी मागं बसवा आणि त्यांच्यासाठी वेगळा माइक ठेवा. खंजिरी आणि गाणं वेगवेगळं रेकॉर्ड करायचा मोह टाळा. खंजिरी भजनात वाजवणारा आणि गाणारा एकच असतो. हाताचा आघात आणि श्वास एकमेकांना धरून चालतात. ते सुटे केले की ठेका बरोबर येतो, पण जीव येत नाही.

ढोलकीची अडचण वेगळी आहे, आणि ती खास नागपूरची आहे. एप्रिल-मे महिन्यांत बाहेरची हवा कोरडी ठाक असते. कातडं ताणलं जातं आणि सूर चढतो. आत कुलर लावला की खोलीत ओल येते, कातडं सैल पडतं आणि सूर उतरतो. कुलर बंद करून टेक घेतला तर अर्ध्या तासात खोली तापते आणि सूर पुन्हा वर जातो. दोन अल्बममध्ये पहिल्या कडव्याची ढोलकी आणि शेवटच्या कडव्याची ढोलकी जवळजवळ अर्ध्या सुरानं वेगळी लागली. वेगवेगळ्या वेळचे टेक जोडले की असंच होतं. उन्हाळ्यात काम करायचं असेल तर पहाटे पाच ते नऊ ही वेळ धरा. कुलर आदल्या रात्रीच बंद करा. ढोलकी तासभर त्याच खोलीत ठेवून मग लावा आणि प्रत्येक टेकआधी ट्यूनरवर सूर पाहा. पावसाळ्यात उलटं होतं, ढोलकी सारखी उतरत राहते. तेव्हा टेक छोटे घ्या.

ढोलकीला दोन माइक लावत असाल तर लहान तोंडापासून २० ते २५ सेंटिमीटर आणि मोठ्या तोंडापासून २५ ते ३० सेंटिमीटर अंतर ठेवा. मग एका माइकची पोलॅरिटी (आवाजाच्या लहरीची दिशा) उलटी करून ऐका. उलटी केल्यावर खालचा आवाज भरदार झाला तर ती उलटीच ठेवा, बारीक झाला तर सरळ करा. एका तोंडाचं कातडं आत दबलं की दुसऱ्याचं बाहेर फुगतं, म्हणून दोन माइक एकमेकांचा आवाज खातात. ही दहा सेकंदांची तपासणी न केल्यामुळं ढोलकीला घुमारा नसलेले किती तरी टेक ऐकले. रेकॉर्डिंगच्या वेळी सगळ्यात मोठा आघात उणे १० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. २४ बिटवर रेकॉर्ड करत असाल तर कमी लेव्हलची भीती बाळगायचं कारण नाही.

आता पेटी आणि गिटार. गिटारवाले ४४० हर्ट्झवर ट्यून करून येतात आणि पेटी तिच्या स्वतःच्या सुरात असते. जुन्या पेट्या पाच-दहा सेंटनं (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढलेल्या असणं नेहमीचंच. पेटी बदलता येत नाही, गिटार बदलता येते. पेटीचा एकच सूर दाबून धरा, ट्यूनरवर किती चढ आहे ते पाहा आणि ट्यूनरचा आधार बदला. १२ सेंट चढ असेल तर ४४० ऐवजी ४४३ ठेवा, काम झालं. गाण्याची पट्टी आधी विचारा. काळी एक म्हणजे सी शार्प, तिथं कॅपो (तारा दाबून धरणारी पकड) गिटारच्या पहिल्या फ्रेटवर लावून सीचे आकार वाजवता येतात. काळी चार म्हणजे जी शार्प, तिथंही कॅपो पहिलाच, आकार जीचे. गिटारवाल्याच्या सोयीसाठी भजनी बुवांना पट्टी बदलायला लावू नका. अर्धा सूर खाली आणलं की गळ्यातली धार जाते आणि धारेबरोबर शब्दही जातो.

क्लिक ट्रॅकबद्दल, म्हणजे लय धरायला कानात वाजवतात त्या ठोक्याबद्दल, एवढंच, की शाहिरी गाणं एका वेगात राहत नाही आणि राहूही नये. पोवाड्यात शेवटाकडे लय चढते, मागून साथ देणारे झिलकरी तिला आणखी वर नेतात. मिनिटाला ९६ ठोक्यांच्या ठरावीक क्लिकवर ते गायला लावलं तर गाणारा सरकारी सूचना वाचतोय असं वाटतं. आधी फक्त गळा आणि डफ मोकळ्यानं रेकॉर्ड करा. मग सॉफ्टवेअरमध्ये त्या लयीवर टेम्पो-मॅप (लय कुठं किती चढली याचा नकाशा) काढा आणि ड्रम, बास, गिटार त्या मॅपवर चढवा. काम दुप्पट होतं, पण करण्यासारखं आहे. आणि शाहिराच्या गळ्यावर ऑटोट्यून (सूर आपोआप दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर) लावूच नका. त्याच्या हरकती दोन सुरांच्या मधून जातात, आणि सॉफ्टवेअर नेमक्या त्याच जागा चूक समजून सपाट करतं.

रॉक बँडना थोडक्यात सांगतो, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांना हे ठाऊक आहे, फक्त केलं जात नाही. मराठीतली बाकीची बहुतेक व्यंजनं ज्या पट्ट्यात स्पष्ट होतात, साधारण २,००० ते ४,००० हर्ट्झ, तिथंच डिस्टॉर्शन लावलेली गिटार पसरलेली असते. डावी आणि उजवी अशी दोनदा वाजवलेली गिटार असेल तर अँपवरचा गेन एकट्या गिटारला ठेवता त्यापेक्षा एक तृतीयांश कमी करा. थर वाढले की कर्कशपणा आपोआप वाढतो. तिसरी रिदम गिटार कडव्यात बंद ठेवा आणि धृपदातच उघडा. गिटारचा ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा भाग कापा, तो बासचा आणि किकचा आहे. एवढं झाल्यावरच गिटारमध्ये २,५०० हर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबलची खोच द्या, म्हणजे तेवढा पट्टा कमी करा. खोच देऊन वाजवण्याची चूक झाकता येत नाही.

चाल बांधताना आणखी एक गोष्ट पाहा. इंग्रजी गाण्याच्या वळणावर चाल बांधली की ह्रस्व अक्षर लांबतं. ‘मन’ ताणलं की ‘मान’ होतं, ‘घर’ ताणलं की ‘घार’. ऐकणारा एक क्षण अडखळतो आणि पुढची ओळ निसटते. लांब सूर दीर्घ अक्षरावर पडेल अशी ओळ फिरवा. हे मिक्समध्ये दुरुस्त होत नाही, वहीतच करावं लागतं.

रॅपबद्दल सगळ्यात जास्त बोलायचंय. आत्ता नागपुरात सगळ्यात जास्त नवं तिथंच घडतंय, आणि तिथं शब्द हरवणं म्हणजे गाणंच हरवणं.

आधी बोली. तुमच्यातले काही जण मुंबईच्या रॅपसारखं ‘आपुन’ म्हणतात आणि ते उसनं वाटतं. जिथं ‘मले’, ‘तुले’, ‘काहून बे’, ‘करून राहिलो’ आलं तिथं कान टवकारतो. यमकासाठीही ही बोली सोन्याची खाण आहे. ‘मला’ला यमक शोधून शोधून झिजलेत, ‘मले’ला अजून फारसा हात लागलेला नाही. वऱ्हाडीत ळचा य होतो. ‘काळा’, ‘शाळा’चे ‘काया’, ‘शाया’ झाले की त्यांना ‘माया’, ‘छाया’चं यमक मिळतं, जे प्रमाण मराठीत मिळत नाही. वर्ध्या-यवतमाळकडच्या गावात बोलली जाणारी बोली कोणी रॅपमध्ये इतक्या सहज आणतंय हे ऐकून बरं वाटलं. नागपूरच्या रस्त्यावर हिंदी मिसळतेच, ती काढायची गरज नाही.

मग वेग. ९० बीपीएमवर, म्हणजे मिनिटाला ९० ठोक्यांवर, ठोक्याला चार अक्षरं म्हणजे सेकंदाला सहा अक्षरं होतात. मराठी त्या वेगात नीट उच्चारता येते. १४० बीपीएमवर तसंच म्हटलं तर सेकंदाला नऊच्या वर जातात, आणि तिथं जोडाक्षरं कोसळतात. ‘स्वातंत्र्य’, ‘क्षण’, ‘प्रश्न’ यांचा चोथा होतो. म्हणून १४०च्या ट्रॅप बीटवर अर्ध्या लयीत म्हणा, आणि जिथं खरंच धावायचंय तिथं जोडाक्षर नसलेली ओळ लिहा. लिहितानाच ओळ मोठ्यानं म्हणा, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी वही न पाहता ऐका. जो शब्द स्वतःलाच कळला नाही तो बदला.

मग माइक. मराठीत ख, घ, ठ, ढ, थ, ध, फ, भ ही महाप्राण व्यंजनं भरपूर आहेत आणि प्रत्येक वेळी हवेचा झोत माइकवर आदळतो. ‘भाऊ’, ‘भीम’, ‘धम्म’, ‘भूक’ म्हटलं की रेकॉर्डिंगमध्ये धप्प होतं. मिक्समध्ये ते कापायला गेलं की शब्दाचा आघातच जातो. पॉप फिल्टर लावा, १५ ते २० सेंटिमीटरवर उभे राहा, आणि माइक तोंडासमोर सरळ न ठेवता २० ते ३० अंश बाजूला वळवा. झोत बाजूनं निघून जातो आणि आवाज येतो. खोलीत काहीच लावलेलं नसेल तर महागड्या कंडेन्सरपेक्षा साधा डायनॅमिक माइक बरा, तो खोलीचा आवाज कमी घेतो. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून काही होत नाही. माइकच्या समोर, म्हणजे तुमच्या पाठीमागं, कापसाची जाड गादी उभी करा. गादी वरचा आणि मधला आवाज खाते, खालचा खात नाही, पण गळ्यासाठी तेवढं पुरतं.

खालच्या आवाजाचं दुखणं खोलीच्या मापात आहे. दहा बाय दहाची खोली आणि दहा फुटांची उंची असेल तर ५६ हर्ट्झच्या आसपास आवाज भिंतींजवळ फुगतो आणि खोलीच्या मध्यभागी नाहीसा होतो. मध्यभागी बसून मिक्स करणाऱ्याला ८०८ (बीटमधला खोल, लांब घुमणारा बास) ऐकू येत नाही, म्हणून तो वाढवत जातो, आणि मग गाडीत ऐकताना काचा थरथरतात व शब्द खाली दबतो. समोरच्या भिंतीपासून पावणेचार ते चार फुटांवर बसा. मोबाइलच्या स्पीकरवर तर २०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काहीच येत नाही. तिथं ८०८ जाणवायला हवा असेल तर त्याला थोडं सॅच्युरेशन (आवाजाची हलकी विकृती) द्या, म्हणजे वरचे स्वरांश तयार होतात. आवाज वाढवून काही मिळत नाही.

गळ्याचे डबल, म्हणजे तीच ओळ पुन्हा म्हणून चढवलेले थर, सगळ्या ओळींवर चढवू नका. दोन आवाज काही मिलिसेकंदांनी मागंपुढं होतात आणि व्यंजनांच्या कडा बोथट होतात. ओळीचा शेवटचा शब्द किंवा यमक, तेवढ्यावरच डबल ठेवा. कॉम्प्रेसर (आवाजातली चढउतार दाबणारं साधन) ३:१ किंवा ४:१ वर ठेवून आवाज चार ते सहा डेसिबल दाबला की पुष्कळ झालं. काही ट्रॅकमध्ये श्वास पूर्ण कापलेले ऐकले. ते करू नका. पुढची ओळ येतेय हे कानाला श्वासावरूनच कळतं.

लॅपटॉप चार्जरला लावला की घूं असा आवाज येत असेल तर तो बहुधा अर्थिंगचा दोष आहे. टेकपुरता लॅपटॉप बॅटरीवर चालवा आणि नंतर वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या.

मास्टरिंगच्या बाबतीत तिघांचीही चूक एकच आहे. सगळं शेजाऱ्यापेक्षा मोठं करायचं. स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणून वाजवतं, ॲपल म्युझिकचा साउंड चेक उणे १६वर. उणे ७ला दाबलेलं तुमचं गाणं तिथं सात ते नऊ डेसिबल खाली ओढलं जातं. मोठेपणा जातो आणि दाबलेपणा तेवढा उरतो. ढोलकीचा आघात, ‘ट’ची धार, ‘ध’चा धक्का सगळं एका पातळीत आलेलं असतं. भजन आणि शाहिरीसाठी उणे १४ ते उणे १६ छान. रॉक-रॅपला उणे १० पर्यंत जायला हरकत नाही, त्यापुढं नको. ट्रू पीक, म्हणजे लहरीचं सगळ्यात उंच टोक, उणे १च्या वर नको. एकाच अल्बममधली गाणी एकमेकांशी जुळवताना मीटर बाजूला ठेवा आणि गळा सगळीकडे सारखा मोठा वाटतो का ते पाहा. गळा बरोबर बसला की बाकीचं आपोआप जागेवर येतं.

आता शब्दाच्या मालकीचं. खंजिरी भजनांच्या अल्बमवर सर्रास ‘पारंपरिक’ लिहिलेलं दिसतं. कवीच्या निधनानंतर ६० वर्षं त्याच्या शब्दांवर हक्क चालू असतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं निर्वाण १९६८ सालचं, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या भजनांवरचा हक्क २०२८च्या अखेरीपर्यंत आहे. वामनदादा कर्डक २००४ साली गेले, तिथं तो २०६४ पर्यंत आहे. अशा भजनाला किंवा गीताला पारंपरिक म्हणणं हे कायद्यानं चूक आहेच, त्याहून जास्त ते त्या कवीच्या नावावर अन्याय आहे. जुन्या कॅसेटमधली ओळ बीटमध्ये घ्यायची असेल तर दोन परवानग्या लागतात, एक शब्द-चालीची आणि दुसरी त्या ध्वनिमुद्रणाची. खरंच पारंपरिक गाणं असेल तर ते कोणाकडून शिकलात, त्या बाईचं किंवा बुवांचं नाव आणि गाव लिहा.

इंटरनेटवरून भाड्यानं घेतलेली बीट तुमच्याआधी आणखी दहा जणांनी घेतलेली असू शकते. करार नीट वाचा. किती स्ट्रीमपर्यंत परवानगी आहे, आणि यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (गाणं ओळखून आपोआप दावा लावणाऱ्या यंत्रणेत) टाकता येते का, हे दोन मुद्दे तरी पाहाच. बहुतेक वेळा टाकता येत नाही, आणि टाकलं की दुसऱ्याच्या गाण्यावर तुमचा दावा लागतो. बँडमध्ये कोणाचा किती वाटा ते रेकॉर्डिंगआधी कागदावर लिहून सह्या करा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला वाटा मिळाला आहे, पण तो मिळवायला आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं) सभासद व्हावं लागतं आणि गाणं तिथं नोंदवावं लागतं. प्रत्येक रेकॉर्डिंगचा आयएसआरसी, म्हणजे ओळखीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, वेगळा असतो. रिमिक्सला जुनाच क्रमांक लावू नका.

प्रकाशनाची तारीख ठरवली की महिनाभर आधी फाइल वितरकाकडे द्या. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायचं तर किमान सात दिवस आधी पाठवावं लागतं. भाषेच्या रकान्यात मराठीच निवडा. बरेच जण हिंदी निवडतात आणि मग मराठी श्रोत्यापर्यंत गाणं पोचत नाही. कलाकाराच्या नावाचं स्पेलिंग प्रत्येक वेळी तेच ठेवा, नाही तर एका माणसाची तीन प्रोफाइल होतात.

मूळ ट्रॅकच्या वेव्ह फाइली, शून्य सेकंदापासून सुरू होणाऱ्या आणि फाइलच्या नावातच टेम्पो लिहिलेल्या, दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या घरी. यातलेच काही अल्बम पुन्हा मिक्स करून ऐकायची आमची इच्छा आहे.

आणि एक मागणी. पुढच्या अल्बमसोबत शब्दांचा कागद द्या. यूट्यूबच्या वर्णनात असो, छापील असो, पण देवनागरीत आणि ऱ्हस्व-दीर्घ तपासून. त्यावर गीतकाराचं नाव, पेटीची पट्टी, ढोलकी कोणी वाजवली, झिलकरी कोण होते आणि कोणत्या गावात कोणत्या महिन्यात रेकॉर्ड झालं, एवढं असू द्या. आम्ही आधी कागद बाजूला ठेवून ऐकू, मग कागद हातात धरून ऐकू, आणि कोणत्या ओळीला कोणता शब्द सुटला ते गाण्यागणिक, मिनिट-सेकंदासह तुम्हाला कळवू.

आपले,
नागपुरात ध्वनिमुद्रणाचं काम करणारे आणि मन लावून गाणी ऐकणारे काही जण